नाही म्हणायला जागा

आमच्या चर्चमध्ये एखादा संदेश, म्हणजे रविवारचं प्रवचन, लोकांना आवडला की उपासना सुटल्यावर पायऱ्या उतरता उतरता कुणीतरी म्हणतंच, "आज साहेबांनी काय धुतलंय एकेकाला!" आणि हे कौतुक असतं बरं का, तक्रार नाही. आवाज चढला, बोट रोखलं गेलं, दोन-चार जणांच्या माना खाली गेल्या की संदेश सडेतोड झाला असं धरून चालतात. मी नगरकडची, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर, संडेस्कूल शिकवते, महिला मंडळात अधूनमधून संदेशही देते, त्यामुळे हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आणि आता दुसराही एक प्रकार जोरात आहे, तो मोबाईलवर सकाळी सकाळी येतो, त्यात धुणंबिणं काही नसतं, सगळं गोडच गोड, या महिन्यात तुझं कर्ज फिटणार, तुझा व्हिसा होणार, तुझ्या शत्रूंच्या देखत प्रभू तुला ताट वाढणार, फक्त आमेन लिही आणि दहा जणांना पाठव.

लोक म्हणतात पहिला प्रकार प्रामाणिक आणि दुसरा सौम्य. मला ते पटत नाही. मला दोन्हीत एकच गोष्ट दिसते, ऐकणाऱ्याला हलायला जागा नाही. एकात भीतीने कोंडलेलं असतं, दुसऱ्यात आमिषाने. समोरच्याने शांतपणे विचार करून "नाही, मला हे पटत नाही" किंवा "आत्ता नाही" म्हणावं आणि तरीही त्याच्यावरचं आपलं प्रेम तसूभर कमी होऊ नये, ही शक्यताच दोन्हीकडे धरलेली नसते. माझ्या मते सेवाकार्यातली सौम्यता इथे सुरू होते, आवाजाच्या पट्टीत नाही. आणि प्रामाणिकपणा म्हणजे त्या माणसाने निर्णय घेण्याआधी त्याला सगळं सांगून टाकणं, किंमत सुद्धा, आपल्या शंका सुद्धा, पैसा कुठून येतो ते सुद्धा.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातला, १० व्या अध्यायातला तो श्रीमंत माणूस आठवा. धावत येतो, गुडघे टेकतो, लहानपणापासून सगळ्या आज्ञा पाळल्यात म्हणतो. येशू त्याच्याकडे बघतो आणि तिथे मार्क आवर्जून लिहितो की त्याला त्याच्याविषयी प्रेम वाटलं. आणि त्या प्रेमातूनच तो त्याला सगळ्यात अवघड गोष्ट सांगतो, तुझं सगळं विक, गोरगरिबांना दे, मग माझ्यामागे ये. माणूस खिन्न होऊन निघून जातो. आता आमच्यातले कितीतरी प्रचारक इथे काय करतील हे मी डोळे मिटून सांगू शकते, मागे धावत जाऊन म्हणतील अहो थांबा, सगळं नको, अर्धं चालेल, आपण हप्त्याने बघू. नाहीतर त्याच्या पाठीवर ओरडतील की आज रात्री तुझा जीव गेला तर? येशू यातलं काहीही करत नाही. अट कमी करत नाही आणि शापही देत नाही, जाऊ देतो. योहानाच्या ६ व्या अध्यायातही तेच, बोलणं कठीण वाटलं म्हणून पुष्कळ शिष्य सोडून जातात, तर तो बारा जणांनाच विचारतो की तुम्हालाही जायचंय का. स्वतःच्या जवळच्या माणसांना दरवाजा दाखवून विचारणारा गुरू, मला या प्रश्नाचं फार नवल वाटतं आणि फार धीरही येतो.

आता आपल्या मातीतलं उदाहरण, पंडिता रमाबाई. मुक्ती मिशनमुळे सगळ्यांना नाव माहीत असतं, पण मला त्यांच्या आयुष्यातला १८८३ ते १८९३ हा मधला काळ या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि बाप्तिस्मा झाल्यावर बाई गप्प बसल्या नाहीत. त्रैक्याच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा असा एकच देव) सिद्धांतावर, चर्चच्या मतांगीकारांवर, म्हणजे ठरवून दिलेल्या श्रद्धेच्या कबुल्यांवर, त्या प्रश्न विचारत राहिल्या, पत्रांतून भांडत राहिल्या. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन, ज्यांना रमाबाई आईच्या जागी मानत, त्यांना हा गर्व वाटायचा, आज्ञाभंग वाटायचा, आणि तसं त्या लिहायच्या. त्यांचं रमाबाईंवर प्रेम नव्हतं असं मुळीच नाही, पण त्या प्रेमात हुकूम होता. रमाबाईंनी १८८५ मध्ये त्यांना जे कळवलं त्याचा आशय असा होता की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतलीये, आता दुसऱ्या तसल्याच जोखडाखाली मान द्यायची माझी तयारी नाही. त्याच वेळी चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील याही त्यांच्याशी पत्रव्यवहार करत होत्या, आणि त्यांची रीत वेगळी होती, शंका ऐकून घ्यायच्या, आपल्याला काय वाटतं ते मांडायच्या आणि विचार करायला वेळ द्यायच्या. मी जेव्हा जेव्हा आमच्या तरुण पोरांना "शंका घेणं म्हणजे सैतानाचं काम" असं सांगितलेलं ऐकते तेव्हा मला या दोन बायका आठवतात. रमाबाई शेवटपर्यंत ख्रिस्ताजवळ राहिल्या, आणि प्रश्न विचारणाऱ्या बाई म्हणूनच राहिल्या.

पुढे ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, नंतर ते पुण्याला आलं. उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा आणि घर, अमेरिकेतल्या बॉस्टनच्या असोसिएशनने दहा वर्षं खर्च द्यायचं कबूल केलेलं, आणि शब्द असा दिलेला की इथे धर्माची शिकवण दिली जाणार नाही, मुलींना आपापल्या घरचे आचार पाळता येतील. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी माणसं. रमाबाई स्वतः मात्र रोज प्रार्थना करायच्या आणि खोलीचं दार लावून घ्यायच्या नाहीत. काही मुली हळूहळू येऊन बसायला लागल्या. त्यावरून पुण्यात केवढं रान उठलं, केसरीने किती धारेवर धरलं ते इतिहासात आहेच. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर मंडळातून बाहेर पडले आणि बऱ्याच मुलींना घरच्यांनी काढून नेलं. रमाबाईंचं म्हणणं साधं होतं, मी कुणाला बोलावत नाही, पण येणाऱ्याला हाकलणारही नाही, आणि मी जी आहे ती लपून छपून राहणार नाही.

आमच्या ख्रिस्ती मंडळींमध्ये ही गोष्ट सांगितली जाते तेव्हा ती रमाबाईंच्या विजयाची गोष्ट म्हणून सांगतात, आणि रानडे-भांडारकर खलनायक होऊन जातात. मला ते अन्यायाचं वाटतं. रमाबाईंच्या प्रामाणिकपणाबद्दल माझ्या मनात तीळभर शंका नाही, उघडं दार हाच त्यांचा पुरावा आहे. पण ज्या मुलीला सासर नाही, माहेर दारात उभं करत नाही, केस उतरवलेले, वय चौदा-पंधरा, आणि जगात मायेने जवळ घेणारी एकच बाई आहे, तिच्यासाठी त्या बाईच्या खोलीचं उघडं दार किती मोकळं असतं? कुणी सक्ती न करताही तिचे पाय तिकडेच वळणार. रानड्यांची काळजी खोटी नव्हती. आणि मला वाटतं रमाबाईंनाही हे पुढे जाणवलं असावं, कारण १८९८ मध्ये बॉस्टनच्या कराराची मुदत संपल्यावर केडगावचं काम, म्हणजेच मुक्ती मिशन, त्यांनी सरळ ख्रिस्ती म्हणूनच जगापुढे ठेवलं, आडपडदा नाही, अर्धवट शब्द नाही. ज्याला पटेल त्याने मदत करावी, ज्याला पटणार नाही त्याने लांब राहावं. मला हे पाऊल फार मोठं वाटतं. त्याने बरेच जुने मित्र गेले ते गेलेच, परत आले नाहीत.

ताट आणि धर्म एकाच हाताने वाढायची वेळ येते तेव्हा काय करायचं हा प्रश्न आपल्या देशात काही नवा नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आंध्रातल्या ओंगोलला जॉन क्लाव नावाचे बॅप्टिस्ट मिशनरी होते, त्यांनी लोकांना हाताला काम मिळावं म्हणून बकिंगहॅम कालव्याच्या खोदकामाचं कंत्राट घेतलं. हजारो माणसं, त्यातले पुष्कळ जण बाप्तिस्मा मागत होते, आणि क्लाव दुष्काळ चालू असेपर्यंत थांबले, बाप्तिस्मा दिलाच नाही. मदत बंद झाली, पोटाचा संबंध तुटला, तरी माणसं आली तेव्हा १८७८ च्या जुलैमध्ये एकाच दिवसात २,२२२ लोकांचा बाप्तिस्मा झाला. लोक तो २,२२२ चा आकडा सांगतात, मला मात्र त्याआधीचं थांबणं जास्त सांगावंसं वाटतं. मिशनच्या कचेरीला अहवाल पाठवायचे असतात, आकडे हवे असतात, समोर लोक हात जोडून मागतायत, आणि एक माणूस म्हणतो आत्ता नको, आत्ता तुम्हाला भूक लागलीये. आज आपल्याकडे नाताळात साड्या, ब्लँकेटं, रेशन वाटतात, वाटावंच, पण आधी तासभर संदेश ऐकवून मग वाटतात तेव्हा माझ्या पोटात कालवतं. ती म्हातारी उन्हात बसलेली असते ती ब्लँकेटसाठी बसलेली असते आणि हे आपल्याला माहीत असतं, तिलाही माहीत असतं, आणि तरी आपण फोटो काढतो की सुवार्ता ऐकायला एवढे लोक जमले.

बरं, बोलण्याच्या रीतीबद्दल. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक मिशनरी पुस्तिकांमध्ये हिंदू देवादिकांची टिंगल आहे, हे आपण मान्य करायला हवं, त्या आपल्याच लोकांनी छापल्या आणि बाजारात वाटल्या. त्याचा राग महाराष्ट्राच्या मनात खोल गेला आणि मग विष्णुबावा ब्रह्मचाऱ्यांसारखा जबरदस्त वक्ता उत्तर द्यायला उभा राहिला. १८५७ मध्ये जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचे आणि मिशनऱ्यांचे जाहीर वादविवाद झाले. समोरच्या बाजूला जॉर्ज बोवेन होते. या बोवेन साहेबांबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, याचं मला वाईट वाटतं. अमेरिकन माणूस, तरुणपणी पक्का नास्तिक, १८४८ मध्ये मुंबईत आला, आणि थोड्याच दिवसांत त्याने मिशनचा पगार घेणं बंद केलं, बाजारवस्तीत अगदी साध्या जागेत राहायला गेला, मराठी शिकला आणि १८८८ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, याच शहरात राहिला. कारण काय तर, लोक मला साहेब समजतात, पगारी समजतात, मग माझं बोलणं ते कसं ऐकणार. समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या वादांचा वृत्तांत त्यानेच छापला आणि त्यात विरोधकाचे मुद्देही छापले. आपल्याला न आवडणारा प्रश्न जसाच्या तसा छापायचा, तोडमोड करायची नाही, ही केवढी शिस्त आहे विचार करा, आज आपण समोरच्याचं अर्धं वाक्य कापून व्हिडिओ टाकतो आणि खाली लिहितो बोलती बंद केली. आणि एवढं करून बोवेनच्या प्रचाराने फारसं कोणी ख्रिस्ती झालं नाही, आणि हे तो लपवत नसे. चाळीस वर्षं राबून हातात काही आकडा नाही आणि तरी आकडा फुगवायचा मोह नाही! मुंबईतले इतर धर्माचे लोकही त्याला मान द्यायचे ते उगाच नाही.

आता जे मला सगळ्यात जवळचं आहे ते लिहिते. माझी मोठी मावशी शाळेत बाई होती, रिटायर झाल्यावर काही वर्षांतच तिला कॅन्सर निघाला, आणि निघाला तोच पसरलेला. डॉक्टरांनी घरच्यांना काय ते सांगितलं होतं. त्या दिवसांत कुठल्यातरी चंगाई सभेच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायच्या सभेच्या, ओळखीतून एक प्रचारक घरी यायला लागले. माणूस तळमळीचा होता, तासन्‌तास प्रार्थना करायचा, पैसेही मागितले नाहीत. पण त्यांनी मावशीला सांगितलं की तू बरी झालेलीच आहेस, आता फक्त तोंडाने तसं म्हण, आणि उलटा शब्द तोंडातून काढू नकोस, काढलास तर विश्वास कमी पडेल. झालं, तिथून पुढे घरात मरण हा शब्द बंद. मावशी वेदनेने कण्हायची आणि लगेच म्हणायची, मी बरी आहे, मी बरी आहे. तिच्या दोन मुली स्वयंपाकघरात जाऊन रडायच्या आणि तोंड धुऊन बाहेर यायच्या. कुणाला काय द्यायचं, बँकेचं काय, कुठे पुरायचं, नवऱ्याच्या शेजारी जागा आहे का, तिला हे सगळं बोलायचं होतं हे आम्हाला दिसत होतं, पण बोललं तर अविश्वास ठरणार होता.

मग एक दिवस आमच्या चर्चचे जुने पाळकसाहेब (पास्टर) आले, तेही रिटायर झालेले, काठी टेकत आले. पलंगाजवळ खुर्चीवर बसले. बराच वेळ काही बोललेच नाहीत, तिच्या औषधांच्या डब्या बघितल्या, पाणी मागितलं, प्यायले. मग म्हणाले, "बाई, भीती वाटते का हो?" मावशीने आमच्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि म्हणाली, "वाटते साहेब. फार वाटते." आणि रडली, आजार निघाल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. तिने विचारलं, "मी बरी होणार नाही का?" ते म्हणाले, "मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात ते तुम्हाला माहितीये. मी बरं व्हावं म्हणूनच प्रार्थना करतोय, पण तुम्हाला शब्द देऊ शकत नाही, तो माझा नाही द्यायचा." मग त्यांनी तेविसावं स्तोत्र हळू आवाजात म्हटलं, मृत्यूच्या छायेच्या दरीपर्यंत आले तेव्हा तीही म्हणायला लागली. त्या संध्याकाळी तिने मुलींना जवळ बसवून सगळं सांगितलं, कपाटाच्या किल्लीपासून.

मी त्या पहिल्या प्रचारकांना वाईट माणूस म्हणणार नाही. त्यांना तिचं भलं हवं होतं. पण त्यांच्या बोलण्यात "नाही" ला जागा नव्हती, आजाराला नाही, भीतीला नाही, आणि देवाला सुद्धा नाही, म्हणजे देवाने नाही म्हटलं तर काय याची सोयच नव्हती. मग ते ओझं शेवटी आजारी माणसाच्या छातीवर ठेवलं जातं, की तुझाच विश्वास कमी. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस जमिनीवर बसून गप्प होते तोवर ते चांगले मित्र होते, पुढे त्यांनी तोंड उघडलं आणि समजावायला लागले तिथे सगळं बिघडलं. आणि जो माणूस आजाऱ्याला गोळ्या बंद करायला सांगतो, त्याच्याबद्दल मात्र मला काहीच सौम्यपणे लिहिता येत नाही, ते जीवावर बेतणारं आहे आणि मंडळीने त्याला तिथल्या तिथे थांबवलं पाहिजे, पाळक असो की पाहुणा असो.

पुलपिटवरून, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावरून, टोमणे मारणं हा आणखी एक विषय. प्रत्येक मंडळीत कुणाचं तरी कुणाशी तरी वाकडं असतं, कमिटीचं राजकारण असतं, एखाद्याच्या मुलीने पळून लग्न केलेलं असतं. आणि रविवारी अचानक एलीच्या मुलांवर संदेश येतो, पोरांना धाक न लावणाऱ्या बापाची काय गत झाली वगैरे, आणि सगळं चर्च मान वळवून तिसऱ्या बाकाकडे बघतं. याला लोक धैर्य म्हणतात. अहो, खाली बसलेल्याला उठून उत्तर देता येत नाही, माईक एकाच्याच हातात आहे, यात धैर्य कसलं? मत्तयच्या १८ व्या अध्यायात सरळ लिहिलंय की भावाचं चुकलं तर आधी तू एकटा जा, त्याच्याशी एकांतात बोल. ते अवघड असतं, त्याच्या घरी जावं लागतं, चहा घ्यावा लागतो, तो उलट दोन शब्द सुनावतो ते ऐकावे लागतात, कदाचित कळतं की आपल्याला अर्धीच गोष्ट माहीत होती. पौलाने थेस्सलनीकाच्या लोकांना पत्रात लिहिलंय ना, आम्ही तुमच्याशी कधी खुशामतीने वागलो नाही, लोभ झाकायला ढोंग केलं नाही, मुलांना सांभाळणाऱ्या आईसारखे तुमच्यात राहिलो. एकाच श्वासात दोन्ही आहे, खुशामत नाही आणि आईची माया, त्यातलं एकच उचलून कसं चालेल.

आणि छोटे छोटे अप्रामाणिकपणा, जे आपण चालवून घेतो. ग्रीकची अक्षरंसुद्धा न ओळखता "मूळ ग्रीकमध्ये असं आहे" म्हणून ठोकून द्यायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली गोष्ट "मी एकदा रेल्वेने चाललो होतो" म्हणून स्वतःच्या नावावर सांगायची. साक्ष, म्हणजे आपलं आयुष्य ख्रिस्तामुळे कसं बदललं ती गोष्ट, दरवर्षी थोडी थोडी वाढवायची, पहिल्या वर्षी दारू होती, पुढच्या वर्षी चाकू आला, त्याच्या पुढच्या वर्षी तुरुंग. ऐकणारे काही खुळे नसतात, संडेस्कूलची पोरं तर मुळीच नसतात, त्यांना आठवतं मागच्या वेळी काय सांगितलं होतं. एकदा त्यांना कळलं की इथे थोडं खोटं चालतं, मग ती पुनरुत्थानाची गोष्ट तरी कशाला खरी मानतील?

साक्ष म्हटलं की मला लक्ष्मीबाई टिळकच आठवतात, आणि नगरच्या माणसाला त्या आठवल्याशिवाय राहणारच नाहीत. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांना १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले, संस्कृत कवितेवर गप्पा झाल्या, त्याने मोठ्या आदराने बोलणं ऐकलं, बोलला, आणि उतरताना नवा करार हातात ठेवून वाचायची विनंती केली. डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना धरलं आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. इथपर्यंतचं सगळे सांगतात. पण लक्ष्मीबाईंवर त्याने काय आभाळ कोसळलं, नवरा जिवंत असून त्या कशा तुटून राहिल्या, पंढरपुरात कसे दिवस काढले, आणि काही वर्षांनी नगरला परत आल्या तरी आपली चूल, आपलं सोवळं वेगळं ठेवून राहिल्या, हे त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचल्याशिवाय कळत नाही. टिळक तापट माणूस, हट्टी, क्षणात सगळं देऊन टाकणारे, पण तिच्या धर्माच्या बाबतीत त्यांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. जातपात माणसाने केलेली आहे हे तिला तिच्या विचारानेच उमगलं, आणि १९०० मध्ये तिचा बाप्तिस्मा झाला तो तिचा स्वतःचा होता.

आणि नंतर ती लिहिते कशी बघा. नवऱ्याचा राग, घरातली भांडणं, त्यांचा विसराळूपणा, मिशनमधल्या लोकांचे स्वभाव, सगळं सांगते, काही झाकत नाही, आणि तरी कुणाचा अपमान होत नाही, वाचताना टिळकांवरचं आपलं प्रेम वाढतच जातं. बाप्तिस्म्याच्या आधीचं सगळं काळं आणि नंतरचं सगळं पांढरं असा सोपा हिशोब तिने कुठेही मांडलेला नाही, माहेरचं कडक सोवळं सांगताना सुद्धा वडिलांविषयी ओढ आहेच. मला वाटतं मराठीत ख्रिस्ताची साक्ष कशी द्यावी याचा यापेक्षा चांगला धडा नाही, आणि आमच्या बायबल कॉलेजांमध्ये तो शिकवला जावा असं मला मनापासून वाटतं, परदेशी वक्त्यांचे व्हिडिओ लावण्यापेक्षा.

यंदा डिसेंबरमध्ये आमच्या तरुण संघाची साक्षीची संध्याकाळ आहे आणि पोरांची तयारी माझ्याकडे आहे. मी त्यांना सांगितलंय की लिहून आणा, जे अजून सुटलेलं नाही ते पण लिहा, आणि साक्षीत ज्या ज्या माणसाचं नाव घेताय त्याला आधी वाचून दाखवा. त्यावर दोन-तीन जणांनी कुरकुर केली, कारण मग बऱ्याच गोष्टी सांगताच येणार नाहीत म्हणे. एका मुलाने आपल्या वडिलांच्या दारूबद्दल लिहिलं होतं. बिचारा घाबरत घाबरत त्यांना वाचून दाखवायला गेला. वडील चर्चला येत नाहीत, आईच्या अंत्यविधीनंतर आलेच नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, हे असं नव्हतं, त्या वर्षी मी सहा महिने सोडली होती, ते तू लिहिलं नाहीस. त्याने ते घातलं. आता वडील म्हणतायत त्या संध्याकाळी येतो, मागच्या बाकावर बसेन, पण मला पुढे बोलवायचं नाही, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची नाही आणि कुणी घरी भेटायला यायचं नाही. मी पाळकसाहेबांना हे तिन्ही जसंच्या तसं सांगितलं आणि ते ठीक आहे म्हणाले.